यूकेमध्ये काचेचं छोटं ग्रीनहाऊस आहे. कढीपत्ता, मोगरा, लिंबू हिवाळ्यात कसं जगवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मार्चमध्ये घर घेतलं, त्याच्यासोबत मागच्या बागेत ६ बाय ८ फुटांचं जुनं ॲल्युमिनियमचं ग्रीनहाऊस मिळालं, उन्हाळाभर त्यात कढीपत्ता, मोगरा, तुळस, लिंबू, मिरच्या, टोमॅटो सगळं मस्त झालं, आता थंडीची भीती वाटतेय, हीटर कुठला घेऊ, आणि डिसेंबरात तीन आठवडे भारतात जायचंय. मी लेस्टरजवळ राहते, ग्रीनहाऊस अगदी याच मापाचं आहे आणि पहिल्या वर्षी जेवढं चुकायचं तेवढं चुकून झालंय, म्हणून जरा मोठं उत्तर लिहितेय.

आधी ती चूक सांगते म्हणजे बाकीचं का म्हणतेय ते कळेल. माझं माहेर निफाडकडचं. आमच्याकडे पारा पाच-सहावर आला की लोक पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या करतात आणि विहिरीचं पाणी सोडतात, लहानपणापासून बघितलेलं. त्यामुळे थंडी म्हटलं की शेकोटी आणि पाणी हे डोक्यात इतकं पक्कं की इथे पहिल्या हिवाळ्यात मी रॉकेलचा छोटा हीटर (इथे पॅराफिन म्हणतात) आणला, सगळीकडून बबल रॅप लावून फटी टेपने बंद केल्या, छताची खिडकीसुद्धा, आणि संध्याकाळी सगळ्या कुंड्यांना पाणी घालून झोपले. तीन आठवड्यांत मोगऱ्यावर करडी बुरशी, मिरच्या चिखल झालेल्या, आणि कढीपत्त्याचं खोड मातीजवळ दाबलं तर बोट आत गेलं. एवढं होऊन त्या काळात आतलं तापमान एकदाही शून्याखाली गेलं नव्हतं! म्हणजे गारठ्याने काहीच मेलं नाही, सगळं ओलीने मेलं.

निफाडला ते चालतं कारण बाग उघडी असते, विहिरीचं पाणी हवेपेक्षा बरंच कोमट असतं आणि सकाळी नऊला कडक ऊन पडलं की सगळं वाळतं. इथे लेस्टरला २१ डिसेंबरच्या आसपास दिवस असतो जेमतेम साडेसात तासांचा, त्यातही ढग, बंद काचेच्या खोलीत एकदा ओल झाली की ती जातच नाही. आणि एक लिटर रॉकेल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफ होऊन हवेत येतं हे मला नंतर कळलं, म्हणजे मी रोज रात्री हीटरने झाडांना अंघोळ घालत होते. त्यामुळे रॉकेलचा, गॅसचा हीटर नकोच. आणि कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू आत ठेवायचा विचारसुद्धा करू नका, बंद जागेत त्याच्या कार्बन मोनॉक्साईडने माणसं मरतात.

आता हीटर. तुम्ही विचारलंय की सगळं १२-१५ डिग्रीला ठेवता येईल का. येईल, पण बिल बघा. या मापाच्या ग्रीनहाऊसला काच साधारण २० चौरस मीटर असते आणि सिंगल काचेच्या प्रत्येक चौरस मीटरमधून दर डिग्री फरकाला ६ वॉटच्या आसपास उष्णता बाहेर जाते, म्हणजे एका डिग्रीला १२० वॉट. बाहेर उणे ३ आणि आत ५ ठेवायचं तर ८ डिग्रीचा फरक, जवळपास १ किलोवॉट. आत १२ ठेवायचं तर १५ डिग्री, म्हणजे १.८ किलोवॉट, चौदा तासांच्या रात्रीत २५ युनिट, युनिटला २५ पेन्स धरले तरी एका रात्रीचे सहा पाउंडांच्या वर. आणि खरा घोळ पुढेच आहे. आपल्याकडे मिडलँड्समध्ये डिसेंबर-जानेवारीच्या बहुतेक रात्री शून्याच्या थोड्या वरच असतात, त्यामुळे ५ वर सेट केलेला हीटर अधूनमधून चालतो, पण १२ वर सेट केलेला रात्रभर आणि बऱ्याचदा दिवसापण चालूच राहतो. एका कढीपत्त्यासाठी एवढे पैसे घालण्यापेक्षा इंडियन दुकानातून हिवाळाभर पाकिटं आणलेली परवडतील.

म्हणून मी आता असं करते की ग्रीनहाऊस गरम करायचंच नाही, फक्त आत बर्फ होऊ द्यायचा नाही, आणि ज्यांना ते पुरत नाही त्यांना घरात घ्यायचं.

घरात येणारे तिघं, कढीपत्ता, मोगरा, तुळस. रात्रीचं तापमान सलग दहाच्या खाली जायला लागलं की आत, इकडे ते सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला होतं. तुळशीचं लग्न लागेपर्यंत बाहेर ठेवू म्हणाल तर लग्नाला नवरी काळी पडलेली असेल, एका गारठलेल्या रात्रीत पानं जातात तिची. मंजिऱ्या वाळवून बी ठेवा, कारण घरात आणूनही तुळस फेब्रुवारीपर्यंत टिकेलच असं नाही, माझी दोनपैकी एका वर्षी जातेच, मग एप्रिलमध्ये बी टाकून नवीन करते. मोगरा गार पण उजेडाच्या खिडकीत राहतो, पानं थोडी गळतात, मार्चमध्ये छाटायचा.

कढीपत्त्याबद्दल लोक सगळ्यात जास्त घाबरतात म्हणून नीट सांगते. घरात आणल्यावर त्याची पानं पिवळी पडून गळणार, कधीकधी नुसती काठी उरते. ही झोप आहे. उजेड कमी, दिवस लहान, त्याला वाढायचंच नसतं. इथे सगळे दोन चुका करतात, पानं गळताना बघून जास्त पाणी घालतात आणि खत घालतात, आणि झोपलेल्या मुळांना ते नको असतं म्हणून ती कुजतात. कुंडी उचलून बघा, हलकी लागली तरच कपभर पाणी, माझ्याकडे जानेवारीत दोन-अडीच आठवड्यांतून एकदा होतं. रेडिएटरच्या वर ठेवू नका. जिवंत आहे का अशी शंका आली तर खोडाला नखाने हलकं खरवडा, खाली हिरवं दिसलं तर निवांत बसा, एप्रिलमध्ये फुटेल.

आत आणायच्या आधी प्रत्येक झाड बाहेरच शॉवरने पानांच्या खालून धुवायचं, मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, देठाला चिकटलेले तपकिरी खवले सगळं बघायचं, खवले नखाने किंवा साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने निघतात. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले, त्यामुळे एकाचे खवले दुसऱ्यावर जातात. पहिले दहा दिवस घरातल्या इतर झाडांपासून लांब ठेवा. मी एकदा कंटाळा केला आणि पिठ्या ढेकूण हॉलमधल्या प्रत्येक झाडावर, अगदी सासूबाईंच्या ऑर्किडवरसुद्धा, त्यावरून अजून ऐकते.

लिंबाचं मात्र उलटं. लिंबू सेंट्रल हीटिंगच्या कोरड्या खोलीत ठेवलं की पानं धडाधड गळतात, त्याला गार आणि उजेडाची जागा आवडते. व्हर्सायच्या राजवाड्यात संत्र्या-लिंबांची झाडं लाकडी पेट्यांमध्ये लावतात ती याचसाठी, हिवाळ्यात पेटीसकट आत आणि मे महिन्यात परत बाहेर, चौदाव्या लुईपासून हेच चाललंय आणि ती आतली जागापण काही गरम खोली नाही. तुमचं लिंबू मेयर जातीचं असेल तर ५ डिग्री चालतं, साधं असेल तर १० च्या जवळ बरं. लेबल असेल कुंडीला अजून तर बघा.

आता मुख्य काम, आणि हे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात एखाद्या कोरड्या दिवशी उरकून टाका, घड्याळं एक तास मागे गेली की संध्याकाळ उरतच नाही. टोमॅटो उपटा, हिरवे आहेत म्हणून जीव अडकवू नका, हिरव्या टोमॅटोची चटणी करा, दाण्याचं कूट घालून. त्या वाळक्या वेलांवरच बुरशी हिवाळा काढते. सगळ्या कुंड्या बाहेर काढा, उन्हाळ्यात काचेला पांढरा शेडिंगचा रंग लावला असेल तर पुसा, मग काच आतून-बाहेरून कोमट साबणाच्या पाण्याने घासा. जिथे एक काच दुसरीवर चढते तिथे हिरवं शेवाळ बसतं, ते जुन्या बँक कार्डाने किंवा झाडांच्या प्लास्टिक लेबलने खरवडून पाइपने धुतलं की निघतं. हे काम कंटाळवाणं आहे पण या देशात डिसेंबरात उजेड हीच सगळ्यात महाग गोष्ट आहे आणि मळकी काच त्यातला चांगलाच हिस्सा खाते. फ्रेम आणि बेंच डिसइन्फेक्टंटने पुसा, दार उघडं ठेवून पूर्ण वाळू द्या.

तेव्हाच काचांच्या क्लिपा बघा. जुन्या ग्रीनहाऊसमध्ये तारेच्या डब्ल्यू आकाराच्या क्लिपा काच फ्रेमला धरतात आणि झेड आकाराच्या वरची काच खालच्या काचेवर अडकवतात, दोन-चार तरी गळून पडलेल्या असतातच. पाकीट काही पाउंडांना मिळतं. न बघितलं तर पहिल्या वादळात एक काच सुटते, तिथून वारा आत शिरतो आणि मग बाकीच्या काचा आतून ढकलल्या जातात. शेजारच्या गल्लीत झालंय, सकाळी सगळं लॉन काचांनी भरलेलं.

बबल रॅप बागेसाठीचा मोठ्या फुग्यांचा घ्या, पार्सलचा उन्हाने लवकर फाटतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला आतून खाच असते, त्यात बसणारे प्लास्टिकचे गोल क्लिप मिळतात, टेप लावत बसू नका, ओलीने सुटतो. छताला आणि उत्तरेकडून लावा, दक्षिणेची बाजू मी उजेडासाठी मोकळी ठेवते. आणि छताच्या खिडकीला वेगळा तुकडा लावा म्हणजे ती उघडता येईल!! हे मी ओरडून सांगतेय कारण माझं सगळं तिथेच बिघडलं.

मग लिंबाला त्याच्यात आणखी एक खोली. बेंचवर बांबूच्या काठ्या लावून त्यावर फ्लीस (थंडीत झाडांवर टाकायचं हलकं पांढरं कापड) किंवा बबल रॅप टाकून तंबू करा, लिंबू आणि जपायच्या कुंड्या त्यात, कुंड्यांखाली विटा किंवा थर्माकोल. छोट्या हीटरचा वारा या तंबूच्या आसपासच फिरला की काम होतं, सगळ्या ग्रीनहाऊसला पोसायची गरज नाही. हीटर इलेक्ट्रिक, पंख्याचा, थर्मोस्टॅटवाला आणि ग्रीनहाऊससाठीच बनवलेला, म्हणजे शिंतोडे सहन करणारा. घरातला हीटर एक्स्टेंशन वायर खिडकीतून काढून लावू नका, रीतसर इलेक्ट्रिशियनकडून बाहेरचं सॉकेट करून घ्या. २०२२ च्या डिसेंबरात ती आठवडाभर कडाक्याची थंडी पडली तेव्हा माझ्या अशाच जुगाडाच्या सॉकेटमध्ये ओल जाऊन रात्री ट्रिप झालं आणि मला सकाळी आठला कळलं, पाण्याच्या झारीत बर्फाचा गोळा. फ्लीसच्या तंबूमुळे लिंबाची फक्त शेंड्याची पानं गेली. तेव्हापासून एक किमान-कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर आणि फोनवर अलार्म देणारा सेन्सर, दोन्ही ठेवलेत.

मिरच्यांपैकी सगळ्यात चांगली एक-दोन झाडं निवडा, वाय आकार उरेल इतकी छाटा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत आणा, पुढच्या वर्षी महिनाभर लवकर मिरच्या लागतात. बाकीच्या जाऊ द्या. रिकाम्या जागेत कोथिंबीर, मेथी, पालक लावता येतात, कोथिंबिरीला इथल्या थंडीचं काही वाटत नाही, उलट उन्हाळ्यासारखी फुलावर धावत नाही. फक्त सप्टेंबरच्या सुरुवातीला पेरायला हवी होती, ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दिवस दहा तासांपेक्षा लहान असतो आणि वाढ जवळजवळ थांबते. आता पेरलीत तर मार्चमध्ये खाल.

रोजचं काम फारसं नाही. पाणी सकाळीच, फक्त मातीत, पानांवर नाही, आणि झारी आतच भरून ठेवायची म्हणजे नळाचं बर्फासारखं पाणी मुळांना बसत नाही. कोरडा दिवस असेल तर अकरा ते दोन छताची खिडकी उघडा, गार हवा आत येऊ दे, दोनला बंद केली की जे काय ऊन मिळालं ते आत राहतं. आठवड्यातून एकदा पिवळी, मऊ झालेली पानं उचलून बाहेर टाका.

तुमच्या तीन आठवड्यांचं. जायच्या दोन दिवस आधी नाही, आठवडाभर आधी पाणी बंद करा, कुंड्या जवळजवळ कोरड्या असताना निघा. घरातलं हीटिंग पूर्ण बंद करू नका, १० ते १२ वर ठेवा, तुमच्या पाइपांसाठीही ते बरं आणि कढीपत्त्यासाठीही. शेजाऱ्यांना किल्ली द्या आणि सांगा की ऊन पडलेल्या दिवशी तासभर खिडकी उघडा, हीटरचा दिवा बघा, आणि पाणी घालू नका. हे शेवटचं दोनदा सांगा, कारण इथले म्हातारे शेजारी फार प्रेमळ असतात आणि प्रेमाने पाणीच घालतात. माझ्या शेजारच्या आजोबांसाठी मी दारावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावते आणि येताना नाशिकचा चिवडा आणते, पहिल्या वर्षी त्यांना तिखट लागला होता, आता नोव्हेंबरातच विचारतात यंदा कधी जाणार म्हणून.