जुन्या जीपला सिंथेटिक ऑइल टाकू का?

प्रश्न: नमस्कार भाऊ. माझ्याजवळ २००६ ची डिझेल जीप आहे, २ लाख ४० हजार किलोमीटर झाले. गावातून वरूडला संत्र्याचे क्रेट नेतो, कधी माणसं नेतो. आता दीड हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खाते. मिस्तरी म्हणते सिंथेटिक टाका, इंजिन नव्यासारखं होते. आमचे जावई म्हणते जुन्या इंजिनात सिंथेटिक टाकलं का सगळीकडून गळते. कोणाचं ऐकावं?
— एक वाचक, ता. वरूड

उत्तर: पाहा भाऊ, दोघांचंही अर्धंच खरं आहे. साधं म्हणजे मिनरल ऑइल कच्च्या तेलातून शुद्ध करून काढतात, सिंथेटिक कारखान्यात रासायनिक प्रक्रियेनं बनवतात. पिस्टनवरची झिजलेली रिंग, म्हणजे ऑइल वर जळायला जाऊ न देणारं कडं, कोणत्याच ऑइलनं भरून येत नाही, अन् चांगलं सील, म्हणजे जोडावरून ऑइल गळू न देणारं रबर, सिंथेटिकनं गळत नाही. जावई म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही, खूप आधी जी सिंथेटिक ऑइलं निघाली त्यानं रबरी सील आकसायचे, पण पुढं त्यात सील नरम ठेवणारे घटक यायला लागले अन् तो त्रास गेला. आता होतं काय, की ज्या इंजिनात वर्षानुवर्षं ऑइल वेळेवर बदललंच नाही तिथं सीलजवळ साचलेला काळा चिखल सुटतो अन् आधीच खराब असलेलं सील उघडं पडतं.

म्हणून डबा घ्यायच्या आधी तुमचं ऑइल जातं कुठं ते पाहा. रात्री जीपखाली एक साधा पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग दिसला तर गळती कुठून आहे तेही त्या डागाच्या जागेवरून कळतं. मग स्टार्ट करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतं. तो मिनिटभर येऊन थांबला तर बहुतेक व्हॉल्व सील (इंजिनाच्या वरच्या व्हॉल्ववरचं रबर) गेलं, त्याचं काम तसं कमी खर्चाचं. पण भरल्या गाडीनं चढावर दिवसभर निळा धूर निघत असेल तर रिंग अन् लायनर (पिस्टन ज्या नळीत चालतो ती) झिजले. अजून एक करा, इंजिन गरम झालं की स्लोवर, म्हणजे रेस न देता, चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण हळूच ढिलं करा, आतून फकफक धूर फेकत असेल तर झिजलेल्या रिंगमधून जळका वायू खाली येतो, मिस्तरी ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच, तिथं महागडं ऑइल टाकणं म्हणजे पैसे सायलेन्सरमधून उडवणं आहे.

हिशोब करा ना. साडेसात हजारावर ऑइल बदलता असं धरलं तर मधात चार लिटर वरून टाकावं लागते, अन् सिंथेटिकला साध्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त पैसे लागतात.

मी असतो तर साधं मिनरल १५डब्ल्यू-४० टाकलं असतं, डब्यावर डिझेल ऑइलचा दर्जा सांगणारं एपीआय सीएच-४ किंवा सीआय-४ पाहून, अन् तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा ग्रेड असेल तर तोच. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला असतो, १५ वालं ऑइल उणे २० अंशावर तपासतात, आपल्याकडं डिसेंबरात कितीही कुडकुडलं तरी तेवढं होत नाही. मागचा ४० हा १०० अंशावरच्या जाडीचा. उन्हाळ्यात बाहेर ४५-४६ असते म्हणून लोक घाबरतात, पण ऑइल जास्त तापते ते बहुतेक रेडिएटरमुळं. कपाशीच्या दिवसात रुईचे तंतू अन् धूळ त्या जाळीत बसून गोधडीसारखा थर होतो, तो मागून पाण्यानं धुऊन काढा, मंद धारेनं, नाहीतर पत्र्या वाकतात.

टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असेल तर मात्र माझं मत थोडं बदलते, तिथं ऑइल खूप तापते अन् सिंथेटिक खरंच जास्त टिकते. पण तेही इंजिन ऑइल खायचं थांबल्यावर. मधात तुटवडा पडला अन् त्याच ग्रेडचं दुसरं ऑइल वरून टाकलं तर काही बिघडत नाही, मिनरल-सिंथेटिक एकमेकात चालते.

डिझेल इंजिनात नवं ऑइल लवकरच काळं होते, त्याला घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. घाबरायचं ते डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं दिसलं तर, म्हणजे पाणी शिरलं, किंवा पातळी आपोआप वाढून डिझेलचा वास आला तर. अशी गाडी चालवूच नका.

सुटं ऑइल घेऊ नका, सीलबंदच घ्या, अन् रिकाम्या डब्याला भोक पाडून मगच भंगारात द्या, नाहीतर त्यातच भेसळ भरून परत विकतात. जळकं ऑइल विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका भाऊ, तेच पाणी आपण पितो.

व्हॉल्व सीलचं काम निघालं तर आत्ताच करून घ्या, आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड सुरू झाली की जीप एक दिवसही उभी ठेवता येणार नाही.