मोबाइल म्हणतो हवा बरी, मग चादरीवर काजळी कुठली?

प्रश्न : आमचं घर अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ आहे. रात्री अकरानंतर जवळच्या कारखान्याच्या धुराड्यातून जळक्या प्लास्टिकसारखा वास येतो. सकाळी गच्चीवरच्या चादरीवर काळे कण असतात, धाकटा रात्रभर खोकतो. मोबाइलवर मात्र शहराची हवा ‘समाधानकारक’. खरं काय धरायचं?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, आधी धाकट्याला डॉक्टरांकडे न्या, वासाचं त्यांनाही सांगा.

मोबाइलवरचा आकडा मोजणी केंद्राजवळच्या हवेचा असतो, तुमच्या गच्चीचा नव्हे. शिवाय तो आठच प्रदूषकांवरून काढतात. बेंझीन, आर्सेनिक, निकेल २००९ च्या राष्ट्रीय मानकांत आहेत, पण या आकड्यात नाहीत. प्लास्टिक जळताना होणारं डायॉक्सिन हे विष तर दोन्हींत नाही. त्यामुळे शोध धुराड्यापासूनच घ्यावा लागेल.

मी वीस वर्षं धुराड्यांवर चढून नमुने घेतले. शिडीनं वर जायचं, भोकातून नळी आत सारायची, धूळ थिंबलमध्ये, म्हणजे टोपीसारख्या गाळणीत, धरायची. एकदा एका डाईंगमध्ये सकाळी थिंबल काढलं, तर फिकट राखाडी. खाली उतरलो, तेव्हा बॉयलरमागे ताडपत्रीखाली चिंध्या आणि प्लास्टिकची पोती. भट्टीवरचा माणूस हळूच म्हणाला, “साहेब, ते रात्रीचं.” अहवालात सकाळचाच धूर गेला. ते मला अजून सलतं.

म्हणून वहीत रोज तारीख, वेळ, वारा कुठून आला आणि धुराचा रंग लिहा. मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापुरातल्या कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोहोच घ्या, रात्रीच्या तपासणीची मागणी करा. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये. त्यात कारखान्याला मंडळानं दिलेलं संमतीपत्र, म्हणजे कारखाना चालवायची परवानगी, आणि धुराड्याच्या तपासणीचे मागच्या दोन वर्षांचे अहवाल मागा. बॉयलरला कोणतं इंधन मंजूर आहे, ते संमतीपत्रात असतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पहिलं अपील करा.

भोपाळनंतर अमेरिकेनं १९८६ मध्ये कायदा केला. तिथे ठरावीक उद्योगांना कोणतं विषारी रसायन किती हवेत सोडलं, हे दरवर्षी कळवावं लागतं आणि ते कुणालाही पाहता येतं. माणसं आपली मेली, तरी तशी खुली नोंद आपल्याकडे अजून नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तोवर तुमची वही हीच नोंद.

कागद हाती आले की प्रती इथे पाठवा. मंजूर इंधन, तपासणीची वेळ आणि तुमची वही शेजारी ठेवून मी वाचून देईन.