केबिनच्या आत तू पाहिजेस

बाळा,

काल रात्री तू स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टचे फोटो पाठवलेस आणि खाली एवढंच लिहिलंस, काकू सगळे म्हणतायत स्तन काढूनच टाक, गुरुवार चांगला वार म्हणून तारीख पण घेतलीय, मला काहीच कळेना. रिपोर्ट मी दोनदा वाचला. पण मला जास्त लागलं ते तुझं "सगळे म्हणतायत". सगळे म्हणजे कोण गं? तुझे सासरे, मोठे दीर, मामा, आणि ते फोनवरचे नातेवाईक ज्यांनी तुझा रिपोर्ट पण बघितला नाही. सर्जन समजावून सांगत होते तेव्हा तू कुठं होतीस? बाहेर बाकावर, आईशेजारी. मिस्टरांना आणि दिरांना आत बोलावलं, आणि बाहेर येऊन त्यांनी तुला दोन वाक्यांत सांगितलं.

घाबरू नको, धीर धर हे मी लिहीत बसणार नाही, ते तुला दिवसभर सगळे सांगतच असतील. मला एकच सांगायचंय आणि ते मी या पत्रात परत परत सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच. केबिनच्या आत तू पाहिजेस. खुर्चीवर तू, बाकीचे मागं उभे राहूदेत.

आता रिपोर्ट. गाठ १.८ सेंटिमीटर, ग्रेड टू, ईआर पीआर पॉझिटिव्ह म्हणजे हार्मोनवर वाढणारी, काखेत सोनोग्राफीत काही दिसत नाही. आणि हर-टू, म्हणजे गाठीच्या पेशींवरचं एक प्रोटीन, त्याच्या पुढं टू प्लस लिहिलंय. ही ओळ तुला कुणी समजावली का? थ्री प्लस असतं तर पॉझिटिव्ह, शून्य किंवा वन प्लस असतं तर निगेटिव्ह, टू प्लस म्हणजे अजून ठरलेलं नाही, गाठीच्या त्याच तुकड्यावर फिश नावाची जीनची टेस्ट करून ठरवतात. ती पॉझिटिव्ह आली तर ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं लागतात, किमोचा विचार बदलतो, काही जणींना तर किमो ऑपरेशनच्या आधी देतात. मग फिशचा रिपोर्ट हातात नसताना गुरुवारची एवढी घाई कशासाठी? या स्टेजला आठ-पंधरा दिवस नीट विचार करण्यात गेले तर बिघडत नाही. महिने घालवायचे नाहीत, ते मी कधीच म्हणणार नाही. पण वार चांगला आहे म्हणून तारीख?

दुसरं. "काढून टाकलं की धोका संपला" असं दीर म्हणाले ना? हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता ऐकवत नाही. इटलीत वेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर या दोन सर्जननी सत्तरच्या दशकात हजारो बायकांवर अभ्यास सुरू केले, एका गटात पूर्ण स्तन काढला, दुसऱ्यात फक्त गाठ आणि भोवतालचा भाग काढून शेक, म्हणजे रेडिएशन, दिले. वीस वर्षं त्या बायकांची नोंद ठेवली, २००२ साली दोन्ही अभ्यास छापून आले, आणि जगण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक नव्हता. दोन हजार दोन! तरी आपल्याकडं अजून "अर्धवट ऑपरेशन नको" चालूच आहे.

पण अर्धी गोष्ट ऐकून खूश होऊ नको. फिशरच्याच अभ्यासात ज्यांनी गाठ काढली आणि शेक घेतला नाही त्यांच्यात वीस वर्षांत साधारण ३९ टक्के जणींना त्याच स्तनात परत गाठ आली, शेक घेतलेल्यांत १४ टक्के. म्हणजे स्तन वाचवायचा असेल तर रेडिएशन त्याच्यासोबत आलंच, ते मधेच सोडायचं नाही. पूर्वी पाच-पाच आठवडे जावं लागायचं, खेड्यातल्या बाईला ते जमायचंच नाही, म्हणून पण कितीतरी जणींचं सरळ काढून टाकलं. आता बहुतेक ठिकाणी पंधरा शेकांत, तीन आठवड्यांत होतं. आणि "सोलापुरात काय आहे" म्हणणाऱ्यांना सांग की आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून बार्शीचीच आहे.

आणि हे सगळं ऐकून, समजून तू स्वतः म्हणालीस की काकू मला काढूनच टाकायचंय, रोज मनात ती भीती नको, तर मी तुझ्या बाजूनं पहिली उभी राहीन. काही जणींना तेच बरोबर असतं. माझं भांडण ऑपरेशनशी नाही. तू बाकावर बसलेली असताना ते ठरलं, त्याच्याशी आहे.

माझं तुला माहीत आहे, पण सगळं माहीत नाही. २०११ ला माझं ऑपरेशन झालं, पूर्ण. मला सांगितलं होतं दुसरा इलाजच नव्हता. नंतर एकदा फॉलोअपला फाईल चाळताना सर्जनच्या अक्षरातली एक ओळ दिसली, दोन्ही ऑप्शन नातेवाईकांना समजावले. खाली माझ्या थोरल्या दिरांची सही. माझी सही पुढच्या पानावर, भूल देण्याच्या फॉर्मवर. म्हणजे दोन रस्ते होते, ते तिघा पुरुषांना सांगितले गेले, त्यांनी एक निवडला आणि मला तो एकच आहे म्हणून सांगितला. मायेनंच केलं, हे मला कळतं. ह्यांनी तर नंतर हात धरून सांगितलं की तुला टेन्शन नको म्हणून. पण गं, टेन्शन माझं होतं. घरचे म्हणतात एवढी वर्षं झाली, बरी झालीस, आता काय उकरून काढतेस. जिवंत आहे म्हणून मी विचारायचंच नाही का? थोरल्या दिरांशी माझं अजून मोजकंच बोलणं आहे, आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नाही. मी हट्टी झाले म्हणतात, झाले. त्यानंतर माझा एकही रिपोर्ट माझ्याआधी दुसऱ्या कुणी उघडलेला नाही.

काखेतल्या गाठी, म्हणजे लसिकाग्रंथी, पण तेव्हा सरसकट काढल्या. अजून भाकरी थापायला बसलं की तिसऱ्या-चौथ्या भाकरीला डावा हात भरून येतो, बांगडी रुतते. तू सेंटिनल नोडचं विचार. निळं औषध टोचून काखेतल्या पहिल्या एक-दोन गाठी शोधतात आणि त्याच तपासतात, त्या स्वच्छ असतील तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. हे तुमच्याकडं करता का, असं सरळ विचार की. त्यांना राग येत नाही, चांगल्या डॉक्टरला तर बरंच वाटतं.

आणि ज्यावर तुझ्या घरात कुणी तोंड उघडत नाहीये ते मी उघडते. तू एकतीसची आहेस, मूल व्हायचंय. किमोनं बीजकोषावर परिणाम होऊ शकतो, म्हणून बीजं गोठवायची असतील तर ती किमोच्या आधी, त्याला साधारण दोन आठवडे लागतात. टॅमॉक्सिफेन, म्हणजे हार्मोन अडवणारी गोळी, चालू असताना दिवस राहून चालत नाही, आणि ती गोळी किमान पाच वर्षांची. पण २०२३ ला आलेल्या एका अभ्यासात दीड ते अडीच वर्षं हार्मोनचं औषध घेऊन, डॉक्टरांच्या सल्ल्यानं मधे थांबून बायकांनी मुलं होऊ दिली, आणि पहिल्या काही वर्षांत तरी त्यांच्यात आजार परत येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. हे तुझ्या सासूबाई विचारणार नाहीत, दीर तर नाहीच नाही. तूच विचारायचंस, म्हणून तू आत पाहिजेस. तुझ्या मावशीला अंडाशयाचा कॅन्सर होता ते पण सांग, लपवू नको. तुझं वय आणि ती मावशी बघून डॉक्टर बीआरसीए टेस्ट, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या जीनची तपासणी, सांगतील, आणि तिच्या निकालानं एका बाजूचं ऑपरेशन की दोन्ही, हा प्रश्नच बदलू शकतो.

तो अक्कलकोट रोडचा काढा देणारा माणूस, त्याचं नाव पण परत काढू नको माझ्यापुढं. या स्टेजला सापडलेला आजार हा बरा होण्यातला आजार आहे, तो काढा पीत सहा महिने घालवून पुढं न्यायचा नाही.

दुसरं मत हवं असेल तर ब्लॉक आणि स्लाईड, म्हणजे तपासलेल्या तुकड्याचे नमुने, मागून घे, त्या तुझ्या आहेत. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली की सकाळी दादर, परळला टाटा जवळच. पैशाचं मिस्टर बघतील, पण महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे, रेशनकार्ड आणि आधार फाईलमध्येच ठेव.

गुरुवारी जा, ऑपरेशनला नाही, बोलायला. उद्याच फोन करून सांग की फिश आल्याशिवाय तारीख नको. प्रश्न वहीत लिहून ने, मोबाईलवर नको, तिथं कॉल येत राहतात. मिस्टरांना सोबत घे, त्यांनी पण ऐकायलाच पाहिजे, चांगला मुलगा आहे तो, गोंधळलाय फक्त. दीर आले तर त्यांना बाकावर बसव. सासूबाईंना अवघड वाटलं तर माझा नंबर दे, दुपारी चारनंतर मी घरीच असते, मी बोलते त्यांच्याशी.

फिशचा रिपोर्ट आला की आधी तू वाच, मग मला पाठव.

तुझी काकू