वडिलांच्या आतड्यात पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेला मांसल कोंब) निघाला. खाण्यापिण्यात बदल केल्यास मला तो टाळता येईल का?

धोका कमी करता येतो, पण पूर्ण टाळता येत नाही. आणि झालेला पॉलिप कोणत्याही पथ्याने किंवा काढ्याने विरघळत नाही, तो बहुतेक वेळा दुर्बिणीतून काढावा लागतो. सगळ्यात आधी बिडी-सिगारेट आणि दारू सोडा, मग ती मोहाची असो की दुकानातली. या दोन्हींचा पॉलिपशी संबंध पक्का आहे. पोटाचा घेर कमी करा. मटण आठवड्यातून एखाद्या वेळीच खा. रोज सुमारे 30 ग्रॅम तंतू (फायबर) पोटात जावेत: 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 10 ग्रॅम असतात, म्हणून भाकरी सोडून पांढऱ्या पावाकडे वळू नका. सोबत अख्खा हरभरा, तुरीचं वरण, अंबाडीची किंवा मेथीची भाजी. तंतू एकदम वाढवले तर पोट फुगतं, तेव्हा हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या.

मात्र नुसत्या आहारावर विसंबू नका. पॉलिप काढलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी चरबी, जास्त तंतूंच्या आहाराने 4 वर्षांत नवे पॉलिप कमी झाले नाहीत. वडिलांच्या पॉलिपचा तपासणी अहवाल जपून ठेवा. तो मोठा किंवा कर्करोगाकडे झुकणारा असेल, तर तुमची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) साधारण चाळिशीत, किंवा वडिलांना निदान झालं त्या वयाच्या 10 वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा करावी. नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात पोटविकारांचा विभाग आहे. शौचातून रक्त जात असेल तर मूळव्याध समजून गावठी औषध घेत बसू नका. वय कितीही असो, लगेच दाखवा.