पुढचा चमचा घेण्याआधी

प्रिय बाय,

काल बांबोळीच्या ट्रॅकवर तू खोकत होतीस. काय औषध घेतेस ते विचारायचं राहून गेलं आणि रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. फार्मसीतून सिरप आणलं असशील तर बाटलीवरची बारीक अक्षरं वाच. आपल्याकडच्या खोकल्याच्या कित्येक सिरपांत टर्ब्युटालिन हे श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध असतं. स्पर्धा असो वा नसो, खेळाडूला ते घ्यायला वर्षभर कधीही मनाई आहे. माझी एक विद्यार्थिनी अशाच बाटलीपायी डोपिंगमध्ये अडकली. "घे, काय होतंय" असं तिला मीच म्हणालो होतो. बंदीत गेलेली तिची वर्षं मी परत देऊ शकत नाही.

शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, असा नियम आहे. कडक आहे, पण मला पटतो. नाहीतर प्रत्येकाने डॉक्टरकडे बोट दाखवलं असतं.

तुम्ही मुलं नाडाला, म्हणजे आपल्या देशाच्या डोपिंगविरोधी संस्थेला, पोलीस समजता. बंदीची यादी नाडा करत नाही, ती मॉन्ट्रियलची वाडा ही जागतिक डोपिंगविरोधी संस्था करते आणि दर १ जानेवारीला नवी लागू होते. जुन्या यादीवर विसंबू नकोस. नाडा भारतात खेळाडूंच्या लघवीचे, रक्ताचे नमुने घेते. निकालावर सुनावणी करणारं मंडळ वेगळं. २०२२ च्या कायद्यात अपिलाचीही सोय आहे. तपासणाऱ्यांवरही नजर असते: दिल्लीच्या प्रयोगशाळेची मान्यता वाडाने २०१९ मध्ये थांबवली, ती परत मिळायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. खेळाडूच्या बाजूने बघितलं तर मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

नमुना मागितला तर नाही म्हणू नकोस, नकाराचीही शिक्षा होते. लघवीचा नमुना देताना समोर बाईच असेल. तू अठराच्या आतली, म्हणून सोबत मोठं माणूस घे. तो तुझा हक्क आहे. नमुना ए आणि बी अशा दोन बाटल्यांत भरतात, दोन्हींचं सील आणि नंबर स्वतः बघ. आठवड्याभरात घेतलेलं प्रत्येक औषध, अगदी प्रोटीन पावडरसुद्धा, फॉर्मवर लिही. आणि एखादं बंदीतलं औषध डॉक्टरांना द्यावंच लागणार असेल, तर उपचारासाठी सवलतीचा अर्ज आधी करायचा असतो. कागदपत्रं मी बघतो, त्याची काळजी करू नकोस.

उद्या सकाळी येताना ती बाटली घेऊन ये, फेकू नकोस. तोवर पुढचा चमचा नको. घसा फारच धरला तर आईला सांगून डॉक्टरकडे जा आणि आपण खेळाडू आहोत हे त्यांना आधी सांग.

तुझे,
सर