दगडावरचं झाड आणि वरळीचे बेडूक

प्रश्न : ताई, मागच्या महिन्यात मुलाला घेऊन पारसिकच्या डोंगरावर गेलो होतो. फुटलेल्या दगडाच्या आत त्याला काळी, नाजूक नेच्याची पानं दिसली. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर ‘कोट्यवधी वर्षांचं जीवाश्म’ म्हणून सगळ्यांनी अभिनंदन केलं. पोरगा दगड उशाशी घेऊन झोपतो. हे खरंच जीवाश्म आहे का? आणि नसेल, तर आपल्या भागात जीवाश्म नाहीतच का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : मी कळव्याची. तुमचा हा डोंगर मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो, म्हणून पत्र हावरटासारखं वाचलं. फोटो बघितला आणि जिवावर आलं. ते पान नाही. खडकाच्या फटीत पाणी झिरपतं, त्यातलं मँगनीज ऑक्साइड होऊन फटीच्या पृष्ठभागावर साकळतं आणि फांद्या फुटल्यासारखं पसरत जातं. दोन ताटल्यांमध्ये गंध दाबून त्या झटकन वेगळ्या केल्या की झाड उमटतं ना? कारण निराळं, पण नक्षी तशीच. कॉलेजात शिकवत होते तेव्हा दर पावसाळ्यानंतर एक तरी विद्यार्थी असा दगड रुमालात गुंडाळून आणायचा.

मुलाला भिंग द्या आणि स्वतःलाच तपासू द्या. नेच्याला मधोमध दांडी असते, दोन्ही बाजूंना पानं ठरावीक अंतरानं येतात आणि पान कुठेतरी संपतं, त्याला कड असते. तुमच्या दगडावरच्या फांद्या फटीच्या रेषेपासून निघून वाट फुटेल तिकडे गेल्या आहेत. शिवाय तो काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा, बाहेर आला तेव्हा ११०० अंशांच्या आसपास तापलेला. त्याच्या पोटात नाजूक पान टिकायचं कसं?

आता दुसरा प्रश्न, आणि खरी गंमत तिथेच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा एका दमात आला नाही. एक थर आला, थंडावला, मग कधीकधी बराच काळ काहीच नाही. तेवढ्यात वरचा कातळ कुजून माती व्हायची, खोलगट जागी पाणी साचायचं, तळी व्हायची, त्यात जीव नांदायचे. मग पुढचा लाव्हा यायचा आणि तळ्यातला गाळ खाली दाबला जायचा. जीवाश्म शोधायचे ते या दोन थरांमधल्या गाळात, कातळात नाही.

असा गाळ वरळीच्या टेकडीत सापडला. त्यात इवले बेडूक होते, हाडांसकट. लंडनच्या रिचर्ड ओवेनने १८४७ मध्ये त्यांना ‘राना पुसिला’ असं नाव दिलं. डायनासोर हा शब्द घडवणारा ओवेन तो हाच. आज त्या बेडकाला ‘इंडोबॅट्राकस’ म्हणतात. त्याच गाळात गोड्या पाण्याचं कासव मिळालं आणि शिंपल्यासारखी दुहेरी कवचं असलेले खसखशीएवढे जीवही. आज जिथे टॉवर आहेत तिथे तळं होतं आणि तळ्यात बेडूक ओरडत होते. (ओरडत असतील, असं मला वाटतं. हाडांवरून आवाज कळत नाही.)

मग ते पारसिकला का नाहीत? कल्याणपासून पनवेलपर्यंत लाव्ह्याचे थर समुद्राकडे, पश्चिमेला झुकलेले आहेत. माथेरानला ते जवळजवळ आडवे दिसतात, आपल्याकडे घसरगुंडीसारखे. भूशास्त्रात या वाकण्याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. थर पश्चिमेला कलले की वरचे, म्हणजे नंतरचे थर मुंबईच्या बाजूला येतात आणि आपल्याकडे उघडे पडतात ते खालचे, जुने. १९१६ साली सुरू झालेला पारसिकचा रेल्वे बोगदा खोदला तोही याच जुन्या कातळातून. थरांमध्ये कुठे विटकरी लाल पट्टा दिसला तर थांबून बघा. बहुतेक वेळा ती लाव्ह्याखाली भाजली गेलेली माती असते. बघायचं मात्र लांबून. खाणीच्या कड्याखाली मुलाला नेऊ नका, सुरुंगानं सैल झालेला दगड सांगून पडत नाही.

अलीकडच्या काळातले अवशेष हवे असतील तर डोंगराकडे पाठ करून खाडीकडे बघा. ऐरोली-वाशीकडे पाया खोदताना भरणीचा मुरूम संपला की काळा चिकट गाळ लागतो, त्यात कालवांची आणि शिवल्यांची कवचं निघतात. ती दगड झालेली नाहीत, म्हणून काही जण त्यांना जीवाश्म म्हणायला कचरतात. मी म्हणते. मुंबईत १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना तर गाळाखाली शेकडो झाडं सापडली, खैराची, कित्येक मुळांसकट उभी. जिथे आज जहाजं लागतात तिथे एकेकाळी कोरडं रान होतं. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता, तेव्हा ठाण्याची खाडी कुठली असायला! जमीनच होती.

दगड फेकू नका. मागे कागद चिकटवून जागा आणि तारीख लिहून ठेवा. आणि आज रात्री तरी तो त्याच्या उशाशीच राहू द्या.

प्रश्न : आमच्या इमारतीचा पाया खोदताना पोकलेनवाल्याला गोल, गुळगुळीत, सालं सुटणारा दगड मिळाला. डायनासोरचं अंडं असावं का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. आणि हे मी अनुभवानं सांगते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी असंच एक ‘अंडं’ तुर्भ्याच्या बाजूच्या खाणीतून बसनं घरी आणलं, कंडक्टरचं बोलणं ऐकत. आईनं ते धुऊन लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवलं. वर्षभरात त्याचे पोपडे निघून लोणच्यात पडायला लागले, तेव्हा ते आणि मी दोघंही अंगणात.

कातळाला उभ्या-आडव्या भेगा पडून चौकोनी ठोकळे होतात. पाणी ठोकळ्याच्या कोपऱ्याला तीन बाजूंनी खातं, कडेला दोन, सपाट बाजूला एकाच. त्यामुळे कोपरे आधी झिजतात आणि कांद्यासारखी सालं सुटून आत गोळा उरतो. खऱ्या अंड्याचं कवच पातळ असतं आणि एकात एक दहा सालं त्याला नसतात. डायनासोरची हाडं आपल्या राज्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला मिळाली आहेत, अंडी गुजरातेत बालासिनोरजवळ. ते खडक लाव्ह्याच्या खालचे.

प्रश्न : वज्रेश्वरीच्या गरम कुंडांखाली ज्वालामुखी आहे, असं आजी सांगते. खरं का?
– एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : आता नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. पण आजीला खोटं पाडू नकोस. ती ज्या कातळावर बसून पाय शेकते, तो ज्वालामुखीचाच आहे.