किती तास खेळतो ते नंतर, आधी सांगा कसा खेळतो

"मॅडम, पोरगं दिवसभर कॉम्प्युटरवर किल्ले बांधत बसालंय, बारावीचं वर्ष हाय, व्यसन लागलंय म्हणायचं का हे?"

मी समुपदेशक, त्यामुळं असा फोन मला महिन्यातनं दोन-तीनदा तरी येतोच. कधी गेम वेगळा असतो, कधी पोराचं वय, पण आईवडिलांच्या आवाजातली भीती तीच असते, आपलं पोर हातातनं चाललंय ही. त्यातलीच एक गोष्ट सांगते. त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय, नाव तर घेतच नाही.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं घर. वडलांचं उद्यमनगरात लहानसं मशीन शॉप, सकाळी आठला गेलेला माणूस रात्री आठला घरी. आई घरी शिलाई करते. एकुलता पोरगा, सायन्सला, कॉलेज नावाला आणि खरा दिवस क्लासमध्ये. पहिल्या भेटीत तिघं आले आणि पोरगा माझ्यासमोर बसून पूर्ण वेळ चपलेच्या अंगठ्याकडं बघत होता. आई म्हणाली, "मी सांगून सांगून दमलो मॅडम, जेवायला हाक मारली तर पाच मिन्टं पाच मिन्टं करत ताट गार होतंय." वडलांनी सगळे उपाय करून झाले होते. वायफाय बंद केलं, तर कळलं की गेम ऑफलाइन चालतोय, त्याला नेट लागतच नाही. मग ते रोज माऊस डब्याच्या पिशवीत घालून वर्कशॉपला न्यायला लागले, तर हा टचपॅडवर खेळायला लागला. एका रात्री चिडून त्यांनी लॅपटॉप चालू असतानाच बटण दाबून बंद केला, दोन-अडीच तासाचं बांधकाम सेव्ह न होता गेलं आणि पोरगा दोन दिवस घरात कुणाशी बोललाच नाही.

वर एक टोमणा रोजचा, "खोटे किल्ले काय बघतोस, पन्हाळा वीस किलोमीटरवर हाय, तो बघ जा की."

आता माझं काय चुकलं तेही सांगते. मी सुरुवात तासांपासनं केली, एक तक्ता दिला आणि रोज किती वेळ खेळलास ते लिही म्हटलं. आठवड्यानं तक्ता आला त्यात रोज दोन तास, आणि आईचा हिशोब पाच तासांचा. दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत होते असं मला आता वाटतं, पण तक्त्यामुळं एकच झालं, माझी खोलीसुद्धा त्याला हजेरी घेणारी अजून एक जागा वाटायला लागली. पुढच्या वेळी म्हटलं, तक्ता राहू दे, लॅपटॉप घेऊन ये आणि मला तुझा किल्ला दाखव. तेव्हा त्यानं पहिल्यांदा मान वर केली.

गेम स्ट्राँगहोल्ड, २००१ चा, म्हणजे पोरापेक्षा वयानं मोठा. मला वाटलेलं लढाया, मारामाऱ्या असतील. त्या आहेतच, उंदीर, साप, डुक्कर आणि लांडगा अशी नावं असलेले चार दुष्ट सरदार आहेत, तटावरनं ओतायचं उकळतं तेल आहे, खंदक आहेत. पण अर्धा गेम संसाराचा आहे. गहू पिकवायचा, गिरणीत दळायचा, बेकरीत पाव भाजायचा, तो कोठारात न्यायचा. सफरचंदाच्या बागा, चीज, शिकार, जितके जास्त प्रकार खायला द्याल तितकी प्रजा खूश. कर वाढवला की नाराज. राजाची लोकप्रियता आकड्यात दिसते आणि ती ५० च्या खाली गेली की माणसं गाव सोडून निघून जायला लागतात. हे सगळं तो मला सांगत होता, न थांबता वीस मिनिटं, ज्या पोराबद्दल आईनं सांगितलेलं की हा तोंडातनं शब्द काढत नाही.

एक गोष्ट त्यानं सांगितली ती मी वहीत लिहून ठेवली. गावात फाशीचे खांब वगैरे भीतीच्या गोष्टी उभ्या केल्या की लोक जास्त काम करतात पण राजावर नाराज राहतात, आणि बागबगीचे केले की खूश राहतात पण काम जरा ढिलं होतं. मी विचारलं, तू काय करतोस? "मी बागाच लावतो."

मग माझ्या लक्षात आलं की किल्ला एवढा मोठा आणि तटावर एकही शिपाई नाही. म्हटलं शत्रू कधी येतात रे? तर म्हणाला, "येत न्हाईत. फ्री बिल्ड हाय हे, हल्ला नसतोय ह्यात. मी हेच खेळतो."

चार महिने. रोज इतके तास. आणि एकदाही लढाई नाही.

मी इथं थोडी थांबून सांगते, कारण माझ्या मते सगळी केस ह्या एका उत्तरात होती. गेममध्ये जिंकायची नशा असणारं पोर वेगळं, मित्रांबरोबर ऑनलाइन खेळताना मधनंच उठवत नाही म्हणून अडकलेलं वेगळं, पैसे लावून खेळणारं तर पूर्णच वेगळं (त्यावर २०२५ मध्ये कायद्यानं बंदी आली आणि तिथं लगेच मदत घ्यावी). आणि ज्या जागी कुणीही हल्ला करणार नाही अशीच जागा निवडून तिथं जाऊन बसणारं पोर वेगळं. चौघांचेही तास सारखेच भरतील, म्हणून नुसत्या तासांवरनं मला काही सांगता येत नाही.

मग विचारलं, हे कधीपासनं? जूनपासनं. जूनमध्ये काय झालं? हळूहळू निघालं. क्लासची दर रविवारी टेस्ट, संध्याकाळी रँकची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि वडील ती जेवताना मोठ्यानं वाचणार. त्याच क्लासला आत्याचा मुलगा, तो कायम पहिल्या दहात. रविवारी बऱ्याचदा आत्या पण जेवायला असायची. पोरगा म्हणाला, "रविवारी मला जेवणच जात न्हाई." आईला वाटत होतं गेमसाठी जेवण सोडतोय.

वडील वाईट नाहीत हो. त्यांना खरंच वाटत होतं की वाचून दाखवलं की पोराला ईर्षा येईल.

आईवडिलांनी विचारलेलं व्यसनाचं उत्तर पण दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, गेमिंग डिसऑर्डर आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासनं लागू झाली. त्यात बघतात ते असं, खेळण्यावर ताबा राहिलेला नाही, बाकी सगळ्या गोष्टींच्या आधी गेम येतोय, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच किंवा वाढतंय, आणि ह्यानं शिक्षण, घर, नाती ह्यात चांगलीच मोडतोड झालीय, ती पण साधारण बारा महिने. ह्या पोराचे चार महिने, क्लास एकदाही बुडवलेला नाही, शनिवारी मित्रांबरोबर रंकाळ्यावर चक्कर अजून चालू. मी त्याला व्यसनी म्हणायला तयार नव्हते. पण झोप बिघडली होती, रात्री अडीच-तीन वाजायचे, ते मात्र खरं नुकसान होतं आणि त्यावर काम करायलाच हवं होतं. झोप-जेवण अनेक आठवडे पार विस्कटलं असेल, कॉलेज सुटलं असेल किंवा पोर जगण्याचा कंटाळा आलाय असं काही बोलत असेल तर मात्र वाट बघू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि लगेच कुणाशी बोलायचं असेल तर टेली मानस १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट आहे.

वडलांना मी एकच काम दिलं. रोज वीस मिनिटं पोराशेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि बघायचं. सल्ला द्यायचा नाही, आणि "हेच डोकं अभ्यासात लावलं असतंस तर" हे वाक्य तोंडातनं काढायचं नाही. ते म्हणाले, मॅडम मी त्याला थांबवायला आलोय आणि तुम्ही मलाच बसवालाय. तरी बसले. पहिले दोन दिवस मोबाइल बघत बसले म्हणे. तिसऱ्या दिवशी स्क्रीनकडं बघत होते आणि एकदम म्हणाले, "तुझा लेआऊट चुकलाय."

पोरगा बघतच राहिला. वडील म्हणाले, ही बेकरी बघ इथं आणि कोठार तिकडं टोकाला, त्या माणसाचा निम्मा दिवस चालण्यातच चाललाय, शॉपमध्ये जॉब (म्हणजे बनवायचा सुटा भाग) असा फिरवला तर माझा धंदा बुडेल. आणि ते खरंच होतं, त्या गेममध्ये कामगार पिशवी घेऊन चालत जातो आणि अंतर वाढलं की माल कमी पडतो. पोरानं बेकऱ्या पाडून कोठाराजवळ बांधल्या, पाव वाढला. त्या रात्री वडलांनी त्याला सांगितलं की लहानपणी दिवाळीत गल्लीत किल्ला करायचो, पोती आणि दगडं लावून वर माती लिंपायची, हळीव पेरायचे आणि मावळे मांडताना धान्याची कोठी कुठं ठेवायची ह्यावरनं भांडणं व्हायची. हे पोराला माहितीच नव्हतं.

यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. रँकची यादी जेवताना वाचायची नाही हे ठरलं, वडील एकदा विसरले, वाचली, पोरगा ताटावरनं उठला, परत माझ्याकडं आले. क्लासवाल्यांनी यादी बंद करायला नकार दिला, मग वडीलच ग्रुपमधनं बाहेर पडले. झोपेसाठी साडेअकराची वेळ ठरली, ती पण त्याच्याकडनं, आणि अट अशी की सव्वाअकराला फक्त "सेव्ह कर" म्हणायचं, बटणाला हात लावायचा नाही. पहिल्या आठवड्यात चार दिवस जमलं, तीन दिवस नाही. मार्क थोडे वाढले, फार नाही. सायन्स त्याला आवडत नाही ही गोष्ट अजून घरात पूर्ण बोलून झालेली नाही आणि त्याची मला काळजी आहे.

ऑक्टोबरमध्ये तो एकटाच बाईकनं पन्हाळ्याला जाऊन आला. कुणी पाठवलं नव्हतं. मला येऊन सांगत होता, अंबरखाना बघितला, गंगा, यमुना, सरस्वती अशा धान्याच्या तीन कोठ्या, त्या बालेकिल्ल्याच्या आत का आहेत ते मला बघताक्षणी कळलं, सिद्दी जौहरचा वेढा १६६० मध्ये चार महिने चालला तर आतल्यांनी खाल्लं काय असणार ते पण तिथं उभं राहून कळलं. त्याचे वडील ह्यावर काहीही म्हणाले नाहीत, म्हणजे "बघ, मी सांगत होतो" असं म्हणाले नाहीत, ह्याचं मला फार बरं वाटलं.

दिवाळीनंतर तो शेवटचा आला. खेळतोस का अजून विचारलं, तर म्हणाला, तासभर. मग स्वतःच म्हणाला, "आता हल्ला असलेला मोड घेतलाय."

"बरं, मग?"

"पहिल्याच हल्ल्यात पडला की किल्ला. तट नीट बांधलाच नव्हता मी."

"मग काय केलंस?"

"काय न्हाई. साडेअकरा झालेले, झोपलो."